संगणकीय व्यवहारातील मुखत्यारपत्र

मांडवी या शब्दाचा एक जुना अर्थ जकातीचे ठाणे असा आहे. बंदरात उतरणाऱ्या मालाची मोजदाद जेथे होई आणि महसूल जेथे भरला जाई, ती मांडवी. रत्नागिरी शहराची मांडवी आज तिच्या धक्क्यासाठी आणि काळसर वाळूच्या किनाऱ्यासाठी ओळखली जाते; तथापि तिच्या नावात परवाना आणि तपासणी यांची आठवण शिल्लक आहे. कोकण किनाऱ्यावर सागरी परवान्यांची परंपराही जुनीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी व्यापारी जहाजांना कार्ताझ घेण्याची सक्ती केली. अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने आपले दस्तक चालू केले. हे परवाने सत्तेच्या बळावर चालत, हे खरे. परंतु परवाना कोणत्या जहाजाला, कोणत्या प्रवासासाठी आणि किती मुदतीसाठी, याचा उल्लेख परवान्यात असावा, हे तत्त्व त्यातून रूढ झाले.

आज हेच प्रश्न संगणकीय व्यवहारात नव्याने उभे राहिले आहेत. एखाद्या संकेतस्थळाला नागरिकाची कागदपत्रे पाहावयाची असतात. ती कागदपत्रे असतात दुसऱ्याच यंत्रणेकडे. नागरिकाच्या वतीने ती पाहण्याचा अधिकार पहिल्या संकेतस्थळाला कसा द्यावा, त्या अधिकाराला मर्यादा कशी घालावी आणि तो परत कसा घ्यावा, हे कार्यालयातील अधिकारी, शाळेतील शिक्षक आणि गावातील पंचायत सदस्य या सर्वांना माहीत असणे आवश्यक झाले आहे. कारण याबाबतच्या अज्ञानाची किंमत सामान्य माणसाला मोजावी लागते.

एक उदाहरण घेऊ. मांडवीतील एका खलाशाच्या मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा आहे, असे समजा. बारावीची गुणपत्रिका तिच्या डिजिलॉकर खात्यात आहे. अर्ज भरून देणाऱ्या खिडकीवरील माणूस तिला म्हणतो, "मोबाइल क्रमांक, पिन आणि ओटीपी सांग, बाकीचे मी पाहतो." ती ते कागदावर लिहून देते. अर्ज भरला जातो आणि काम झाल्याचे समाधान मिळते. परंतु तिने नक्की काय दिले? त्या माणसाला एकच गुणपत्रिका हवी होती. त्याच्या हाती तिचे सर्व खातेच गेले. त्यात घरातील अन्य कागदपत्रेही असू शकतात. ही मुभा किती दिवसांची, याला मर्यादा नाही. पुढे काही गैरप्रकार झाला तर तो त्या माणसाने केला की तिने स्वतः, हे नोंदीवरून ठरविता येणार नाही, कारण यंत्रणेच्या दृष्टीने खात्यात शिरलेली व्यक्ती तीच होती.

कुलमुखत्यार आणि खास मुखत्यार

कोकणातील कुटुंबांना अधिकार सोपविण्याची रीत नवी नाही. मुंबईत नोकरी करणारा चाकरमानी जमिनीच्या प्रत्येक कामासाठी गावी येऊ शकत नाही. तो गावातील भावाला मुखत्यारपत्र करून देतो. सर्व व्यवहारांचा अधिकार दिला तर ते कुलमुखत्यारपत्र होते, आणि एखाद्या ठराविक कामापुरताच अधिकार दिला तर ते खास मुखत्यारपत्र ठरते. या संबंधांचे नियमन भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या दहाव्या प्रकरणात आहे. मुखत्यारपत्रांसाठी १८८२चा स्वतंत्र अधिनियमही आहे. भाऊ सही करतो ती मुखत्यार म्हणून, स्वतःच्या नावाने. मूळ मालकाची सही गिरविण्याचा अधिकार त्याला कोणी देत नाही.

पासवर्ड दुसऱ्याला सांगणे म्हणजे आपली सही गिरविण्याची मुभा देणे होय. ते कुलमुखत्यारपत्रापेक्षाही धोक्याचे आहे, कारण मुखत्यारपत्रात निदान मुखत्याराचे नाव तरी लिहिलेले असते. याउलट संगणकीय व्यवहारात खास मुखत्यारपत्रासारखी एक पद्धत उपलब्ध आहे. तिचे प्रचलित नाव 'ओऑथ' असे आहे.

इंटरनेटच्या आरंभीच्या काळात एखादे नवे संकेतस्थळ ग्राहकाला त्याच्या टपालखात्याचा पासवर्ड सर्रास विचारत असे, आणि ग्राहक तो देतही असे. या रीतीला पर्याय म्हणून डिसेंबर २००७मध्ये ओऑथची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. ऑक्टोबर २०१२मध्ये दुसरी आवृत्ती आंतरराष्ट्रीय मानक-दस्तऐवज म्हणून प्रकाशित झाली आणि तीच आज जगभर रूढ आहे. जानेवारी २०२५मध्ये सुरक्षिततेविषयीच्या सुधारित शिफारशी प्रसिद्ध झाल्या. ग्राहकाचा पासवर्ड मागणी करणाऱ्या संकेतस्थळाने स्वतःच घ्यावयाचा, असा एक प्रकार मूळ मानकात होता. तो आता मुळीच वापरू नये, असे या शिफारशींत स्पष्ट म्हटले आहे.

व्यवहार कसा घडतो

भारत सरकारची डिजिलॉकर सेवा जुलै २०१५मध्ये सुरू झाली. तिच्यामार्फत संबंधित संस्थेने दिलेल्या दस्तऐवजांना ८ फेब्रुवारी २०१७ रोजी अधिसूचित झालेल्या नियमान्वये मूळ कागदपत्रांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. या सेवेतील कागदपत्रे अन्य संकेतस्थळांना देण्यासाठी ओऑथ पद्धतीच वापरली जाते. वरील उदाहरणातील मुलीचा अर्ज योग्य रीतीने भरला गेला तर पुढील गोष्टी घडतील.

अर्जाच्या संकेतस्थळावर 'डिजिलॉकरमधून आणा' असे बटण असेल. ते दाबताच मुलगी त्या संकेतस्थळावरून डिजिलॉकरच्या पानावर जाईल. आपली ओळख ती तेथेच, म्हणजे स्वतःच्या भांडाराच्या दारात, पटवून देईल. अर्जाच्या संकेतस्थळाला तिचा पिन किंवा ओटीपी कळणार नाही. त्यानंतर तिच्यापुढे एक संमतिपत्र येईल. अमुक संकेतस्थळ अमुक कागदपत्र मागत आहे, परवानगी आहे काय, असा त्याचा आशय असेल. मागणीच्या या मर्यादेला संगणक-व्यवहारात 'स्कोप' म्हणतात. मराठीत तिला व्याप्ती म्हणता येईल.

मुलीने संमती दिली की डिजिलॉकर तिला अर्जाच्या संकेतस्थळाकडे परत पाठवील आणि सोबत एक छोटा संकेतांक देईल. हा संकेतांक केवळ एकदाच वापरता येतो. त्याचे आयुष्य दहा मिनिटांपेक्षा अधिक असू नये, अशी मानकाची शिफारस आहे. अर्जाचे संकेतस्थळ हा संकेतांक आणि स्वतःची गुप्त खूण डिजिलॉकरला पडद्यामागे सादर करील. खूण पटली की त्याला 'टोकन' मिळेल. हे टोकन म्हणजेच खास मुखत्यारपत्र होय. कोणाला, कशासाठी आणि केव्हापर्यंत, या तीन गोष्टी त्याच्याशी निगडित असतात. टोकन दाखविल्यावर गुणपत्रिका दिली जाईल, अन्य कागदपत्रे दिली जाणार नाहीत.

संमती मुलीच्या ब्राउझरमधून जाते, परंतु टोकन दोन यंत्रणांमध्ये परस्पर दिले जाते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. वाटेत कोणी संकेतांक पाहिला तरी गुप्त खुणेशिवाय त्याचा उपयोग होत नाही. बहुतेक सुरक्षितता या विभागणीत आहे.

कार्यालयाने करावयाची मांडणी

एखाद्या विभागाला किंवा शिक्षणसंस्थेला आपल्या संगणकीय प्रणालीत ही सोय करावयाची असेल, तर प्रथम कागदपत्रे देणाऱ्या यंत्रणेकडे आपल्या प्रणालीची नोंदणी करावी लागते. नोंदणीनंतर दोन गोष्टी मिळतात : 'क्लायंट आयडी' हा प्रणालीचा ओळख-क्रमांक आणि 'क्लायंट सीक्रेट' ही गुप्त खूण. ओळख-क्रमांक उघड असला तरी चालतो. गुप्त खूण मात्र कार्यालयाच्या मोहोरेप्रमाणे जपावी. ती प्रणालीच्या मजकुरात लिहून ठेवू नये, पत्रातून पाठवू नये आणि मोबाइल ॲपमध्ये तर मुळीच घालू नये, कारण ॲप उलगडून पाहता येते. ज्याला गुप्त खूण जपता येत नाही अशा ॲपसाठी सप्टेंबर २०१५मध्ये 'पिक्सी' नावाची जोडपद्धत प्रमाणित झाली. ॲप प्रत्येक व्यवहारासाठी एक नवा गुप्त शब्द तयार करते. आरंभी त्या शब्दावरून गणिताने काढलेला ठसा तेवढा पाठविते आणि टोकन घेताना मूळ शब्द दाखविते. ठशावरून शब्द काढता येत नाही, म्हणून मध्येच संकेतांक चोरणारा माणूस अडतो. नव्या शिफारशींनुसार गुप्त खूण असलेल्या प्रणालींनीही ही पद्धत वापरणे हितावह आहे.

नोंदणीच्या वेळी 'रिडायरेक्ट यूआरआय', म्हणजे नागरिकाला परत पाठविण्याचा पत्ता, द्यावा लागतो. संमतीनंतर संकेतांक याच पत्त्यावर जातो. त्यामुळे पत्ता अक्षरशः जुळावा, असा नियम आहे.

तिसरी बाब व्याप्तीची. ज्या अर्जाला गुणपत्रिका पुरते, त्यासाठी सर्व कागदपत्रांची परवानगी मागू नये. 'पुढे लागेल' म्हणून आज मागून ठेवण्याची कार्यालयीन सवय येथे घातक ठरते. जी माहिती कार्यालयाकडे नाही, ती कार्यालयाकडून गहाळही होत नाही.

चौथी बाब स्थळप्रतीची. नागरिकाला संमतीसाठी पाठविताना प्रणालीने एक यादृच्छिक खूण सोबत द्यावी आणि तो परत आल्यावर तीच खूण परत आली काय, हे ताडून पाहावे. या खुणेला 'स्टेट' असे नाव आहे. पावतीपुस्तकातील स्थळप्रत आणि पावती जुळविण्यासारखेच हे आहे. हा ताळा वगळला तर एका व्यक्तीची संमती दुसऱ्याच्या खात्याला चिकटविण्याचा मार्ग मोकळा होतो.

दोष आणि त्यांचे निवारण

एवढे करूनही व्यवहार अडतो. अशा वेळी प्रणाली नव्याने बसविण्याची घाई केली जाते, किंवा वैतागून पुन्हा पासवर्ड मागण्याची जुनी रीत अवलंबिली जाते. दोन्ही अनावश्यक आहेत. व्यवहार कोणत्या पायरीवर थांबला, हे प्रथम पाहावे. दोष बहुधा तेथेच सापडतो.

संमतिपत्र दिसण्यापूर्वीच पत्ता न जुळल्याची सूचना आली, तर नोंदविलेला परतीचा पत्ता आणि प्रणालीने पाठविलेला पत्ता शेजारी शेजारी ठेवून अक्षर अक्षर तपासावे. शेवटची तिरपी रेघ, 'एचटीटीपीएस'ऐवजी 'एचटीटीपी', किंवा चाचणीसाठी वापरलेला जुना पत्ता, एवढ्याशा फरकाने काम अडते.

संमती मिळाली परंतु टोकन मिळाले नाही, तर यंत्रणेने दिलेला शब्द वाचावा. 'इन्व्हॅलिड क्लायंट' असा शब्द असेल तर ओळख-क्रमांक किंवा गुप्त खूण चुकली आहे. अनेकदा खूण बदलली जाते आणि नवी खूण प्रणालीत भरावयाची राहून जाते. 'इन्व्हॅलिड ग्रँट' हा शब्द आला तर संकेतांकाची मुदत संपली आहे, तो दुसऱ्यांदा वापरला गेला आहे, किंवा टोकन मागताना दिलेला परतीचा पत्ता पहिल्याहून वेगळा आहे. पान पुन्हा ताजे केल्याने तोच संकेतांक दोनदा जातो, हे त्याचे नेहमीचे कारण. 'ॲक्सेस डिनाइड' हा दोषच नव्हे. नागरिकाने नकार दिला, एवढाच त्याचा अर्थ. त्या नकाराचा मान राखून अर्ज अन्य मार्गाने भरण्याची सोय ठेवणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे.

टोकन मिळाले परंतु कागदपत्र मिळाले नाही, तर उत्तराचा क्रमांक पाहावा. ४०१ क्रमांक आला तर टोकनच ग्राह्य धरले गेलेले नाही. बहुधा त्याची मुदत संपलेली असते. ४०३ आला तर टोकन खरे आहे, पण मागितलेली गोष्ट त्याच्या व्याप्तीत नाही. पहिल्या प्रसंगी टोकनाचे नूतनीकरण करावे, दुसऱ्या प्रसंगी नागरिकाची नव्याने संमती घ्यावी. हा भेद न केल्यामुळे प्रणाली तेच टोकन पुनःपुन्हा नूतन करीत राहते आणि नागरिक पडद्याकडे पाहत बसतो.

कधी सर्व काही बिनचूक असूनही टोकन नाकारले जाते. अशा वेळी संगणकाचे घड्याळ पाहावे. मुदत काळावर अवलंबून असल्याने काही मिनिटांच्या फरकानेही टोकन 'अद्याप लागू नाही' किंवा 'मुदत संपली' असे ठरू शकते. देशातील संगणकप्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत, असे सर्ट-इन या केंद्रीय संस्थेचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश आहेत. व्यवहारांच्या नोंदी १८० दिवस जपण्याचेही त्यांत बंधन आहे. मात्र त्या नोंदींत टोकन आणि गुप्त खुणा जशाच्या तशा लिहिल्या जाणार नाहीत, याची दक्षता घ्यावी.

काही अडचणी परवान्याच्या नसतातच. आधारवरील नाव आणि गुणपत्रिकेवरील नाव यांत तफावत असली तर संमती देऊनही कागदपत्र येत नाही. येथे प्रणाली दुरुस्त करून उपयोग नाही. नोंद दुरुस्त करावी लागते. दुसरी अडचण त्या खलाशाच्या मुलीची. तिच्या खात्याला वडिलांचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे. नारळी पौर्णिमा उलटल्यावर होड्या समुद्रात जातात, वडील मासेमारीवर असतात आणि मोबाइल संपर्काबाहेर असतो. ओटीपी येतो, पण तो ज्या हाती यावयाचा तेथे येत नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ही गोष्ट लक्षात आली तर कोणतीही संगणकीय युक्ती तिला तारू शकत नाही. क्रमांक बदलून घेता येतो, परंतु त्याला अवधी लागतो. म्हणून हे काम शाळेने वर्षाच्या आरंभीच करवून घ्यावयास हवे.

अधिकार परत घेणे

मुखत्यारपत्र रद्द केले की चाकरमानी तेवढ्यावर थांबत नाही. तो मुखत्याराला कळवितो, वृत्तपत्रात जाहीर सूचना देतो. याला कायद्याचा आधार आहे. करार अधिनियमाच्या कलम २०८ प्रमाणे मुखत्याराचा अधिकार संपला, ही गोष्ट मुखत्यारापुरती त्याला कळल्यावर आणि त्रयस्थांपुरती त्यांना कळल्यावर परिणामकारक होते. तोवर झालेले व्यवहार मालकाला बांधू शकतात.

संगणकीय मुखत्यारपत्राचेही असेच आहे. टोकन रद्द करण्याची प्रमाणित रीत ऑगस्ट २०१३पासून उपलब्ध आहे. परंतु काही टोकने स्वतःतच सर्व तपशील वाहून नेतात आणि दारावरची यंत्रणा केवळ त्यांची मुद्रा व मुदत पाहून आत सोडते. असे टोकन रद्द केले तरी ही बातमी दारापर्यंत पोचेतो, किंवा त्याची मुदत संपेतो, ते चालतच राहते. म्हणून टोकनाची मुदत अल्प, एखाद्या तासाची ठेवावी. आणि जेथे माहिती संवेदनशील आहे तेथे दारावरच्या यंत्रणेने प्रत्येक वेळी मूळ यंत्रणेला विचारून खात्री करावी. कर्मचाऱ्याची बदली झाली किंवा ठेकेदाराचे काम संपले, की त्यांना दिलेल्या गुप्त खुणा त्याच दिवशी बदलाव्यात. कार्यभार सोपविताना किल्ल्या आणि शिक्के यांची यादी होते. त्या यादीत ही बाब आता समाविष्ट व्हावयास हवी.

११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या सहाव्या कलमातही हे तत्त्व आले आहे. संमती देणे जितके सुलभ, तितकेच ती मागे घेणे सुलभ असले पाहिजे. ज्या प्रणालीत 'परवानगी द्या' हे बटण ठळक आहे आणि 'परवानगी काढून घ्या' हे कोठेच सापडत नाही, ती या तत्त्वाला उतरत नाही.

गावपातळीवरील कर्तव्य

पंचायत सदस्याला किंवा शिक्षकाला संगणकाची आज्ञावली लिहावयाची नाही. त्यांनी लोकांना चार प्रश्न विचारावयास शिकवावे, एवढेच पुरे : परवाना कोणाला देत आहोत, कशासाठी देत आहोत, केव्हापर्यंत देत आहोत आणि तो परत कसा घेता येईल? पिन व ओटीपी भरावयाचे ते ज्या यंत्रणेचे खाते आहे तिच्याच पानावर आणि स्वतःच्या हाताने, हा नियम प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावा. खिडकीवरील माणसाने मदत करावी, पान उघडून द्यावे, संमतिपत्र वाचून दाखवावे. आकडे मात्र नागरिकाने स्वतः भरावेत. वर्षातून एकदा प्रत्येकाने आपल्या खात्यांतून कोणकोणत्या संकेतस्थळांना परवानगी दिलेली आहे ते पाहून निरुपयोगी परवाने काढून टाकावेत. यूपीआयवरून आपोआप हप्ता कापून घेण्याची दिलेली संमती हाही असाच परवाना असून तीही ॲपमध्ये पाहता व रद्द करता येते.

त्या मुलीने आपल्या हाताने संमती दिली, तर शिष्यवृत्तीच्या कार्यालयात तिची गुणपत्रिका पोचेल आणि बाकीचे खाते तिच्यापाशीच राहील. नागरिकाला सेवाही मिळावी आणि आपल्या कागदपत्रांवरील त्याची सत्ताही अबाधित राहावी, हा या साऱ्या मांडणीचा हेतू आहे. तो साध्य होण्यासाठी चांगल्या यंत्रणेइतकीच, नागरिकाला त्याची सत्ता समजावून सांगणाऱ्या माणसाची गरज आहे.